डीएनएच्या फाइलमधलं मॅग्नेशियम एवढं लांब का बसलंय?

दुपारची_लॅब
एमएस्सी दुसरं वर्ष. गुरुवारी सेमिनार आहे, ‘धातू आणि डीएनए’. दोन रात्री पीडीबीच्या (रेणूंच्या त्रिमितीय रचनांचा संग्रह) फाइली उघडून अणूंमधली अंतरं मोजतेय. सिसप्लॅटिन या कॅन्सरच्या औषधातलं प्लॅटिनम ग्वानिन या डीएनएच्या बेसमधल्या एन-७ या नायट्रोजनपासून साधारण २ अँगस्ट्रॉमवर (एक अँगस्ट्रॉम म्हणजे सेंटीमीटरचा दहा कोटीवा भाग), ते पटलं. पण दुसऱ्या एका फाइलमध्ये मॅग्नेशियम ग्वानिनच्या ओ-६ या ऑक्सिजनपासून ४ च्याही पुढे! याला ‘बाइंडिंग’ कसं म्हणायचं? आणि लोखंडाचा तो सुप्रामॉलिक्युलर सिलिंडर (नळकांड्याच्या आकाराचं संयुग) तर डीएनएला कुठेच जोडलेला दिसत नाही. माझं क्लिक चुकतंय का?

बाकावरचा
फाइल दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये पाणी लपवलेलं असेल. आधी ते दाखव.

स्फटिकवेडा_काका
क्लिक बरोबर आहे गं. मॅग्नेशियम बऱ्याचदा सहा पाणी अंगावर घेऊनच येतं. ती पाणी त्याच्यापासून २.१ वर, आणि त्यांचे हायड्रोजन ओ-६, एन-७ ला धरतात. म्हणजे डीएनएला हात लागतो तो पाण्याचा.

सिसप्लॅटिनचं उलट. पेशीबाहेर क्लोराइड भरपूर, म्हणून त्याचे दोन्ही क्लोराइड टिकतात. आत क्लोराइड कमी, तिथे पाणी त्यांची जागा घेतं, आणि मग शेजारशेजारच्या दोन ग्वानिनांचे एन-७ ते पाणी हटवून थेट प्लॅटिनमला चिकटतात. दोघं एकाच अणूकडे ओढले गेले की साखळी वाकणारच. याच रेणूच्या ट्रान्स रूपात क्लोराइडच्या त्या दोन जागा समोरासमोर, त्याला हे जमत नाही.

आता सिलिंडर. दोन लोखंड, भोवती पीळ घातलेले तीन लिगंड (धातूला धरणारे रेणू), एकूण भार +४. लोखंडाच्या सहाही जागा लिगंडच्या नायट्रोजननी भरलेल्या, डीएनएला शिरायला वाव नाही. धरून ठेवतो तो भार आणि आकार. डीएनएच्या पिळाला दोन खाचा असतात; अरुंद मायनर ग्रूव्हमध्ये तो मावत नाही, रुंद मेजरमध्ये बसतो. पण २००६ च्या स्फटिकरचनेत तो वेगळ्याच जागी सापडला: डीएनएच्या तीन फांद्या जिथे मिळतात तिथे, बरोबर मधोमध. मी त्याला तिठाच म्हणतो. तिथे त्याची चपटी कडी बेसवर टेकतात. सेमिनारला हे चित्र नक्की घे.

एक सांगतो, फाइलवर डोळे झाकून विसंबू नकोस. सोडियम आयन, मॅग्नेशियम आयन आणि पाणी, तिघांतही इलेक्ट्रॉन १०. एक्स-रेला जवळपास सारखेच दिसतात. मी पाणी म्हणून ठेवलेला एक ठिपका दोन महिन्यांनी सोडियम निघाला. ओळखायचं शेजाऱ्यांच्या अंतरावरून: मॅग्नेशियमला २.१, सोडियमला २.४ च्या आसपास, नुसत्या पाण्याला २.८.

दुपारची_लॅब
काका, पाणी दाखवलं, सहा मोजली! पण त्याच फाइलमधल्या दुसऱ्या मॅग्नेशियमला पाचच आहेत. सहाव्या जागी फॉस्फेटचा ऑक्सिजन, २.१ वर.

स्फटिकवेडा_काका
मग त्याने एक पाणी सोडून फॉस्फेटला थेट धरलंय. दोन्ही एकाच स्लाइडवर ठेव.