साइडकार चालवलीय? निदान तिच्यात बसलाय? सांगा की मग!

गेल्या महिन्यात मोटरसायकलला साइडकार, म्हणजे बाजूला एका चाकाचा बसायचा डबा, जोडली. वीस वर्षं दुचाकी चालवतोय, त्यामुळे ऐटीत बसलो, गिअर टाकला आणि पन्नास फुटांत गाडी डावीकडच्या कुंपणात. पुढचे तीन दिवस हँडलशी नुसती कुस्ती. चौथ्या दिवशी लेक डब्यात बसली, हेल्मेट सावरलं आणि ओरडली, "बाबा, तुझं तोंड दिसतंय!" खरंच की. मागे बसणाऱ्या पोरीला इतकी वर्षं माझी पाठच दिसत आली होती. त्या वाक्याला मी विकला गेलोय. चालवणारे, बसणारे, आपटलेले, सगळ्यांनी लिहा. कौतुकच पाहिजे असं काही नाही.

*

कुंपणाचं वाचून हसू आवरेना. माझ्या वेळी कुंपणाच्या जागी उकिरडा होता.

दोष तुमचा नाही, सवयीचा आहे. दुचाकी झुकून वळते. वेगात उजवीकडे वळायचं तर आपण हँडल आधी नकळत डावीकडे ढकलतो, गाडी उजवीकडे कलते आणि वळते. साइडकार आली की झुकणं संपलं. हँडल वळेल तिकडे गाडी जाणार, त्यामुळे जुना हात बरोबर उलटं काम करतो. त्यात इंजिन एकीकडे, ओझं दुसरीकडे. डबा डावीकडे असेल तर अ‍ॅक्सिलरेटर पिळल्यावर तो मागे रेंगाळतो आणि गाडी डावीकडे ओढते. ब्रेक फक्त मोटरसायकललाच असेल, तर तो दाबल्यावर डबा पुढे धावू बघतो आणि गाडीचं नाक उजवीकडे जातं. मी दोन रविवार रिकाम्या मैदानात इंग्रजी आठचा आकडा गिरवला. तिसऱ्या रविवारी लक्षात आलं, की आज हँडलचा विचारच केला नाही. तो दिवस माझ्या लेखी लायसन्स मिळाल्यापेक्षा मोठा.

*

रिकामा डबा हलक्यात घेऊ नका, एवढंच सांगायला आलो. मित्राला सोडून एकटाच परतत होतो. डावं वळण, वेग जरा जास्त. डाव्या कोपराखाली काहीतरी वर आल्यासारखं वाटलं म्हणून पाहिलं, तर साइडकारचं चाक जमिनीपासून चांगलं हातभर वर, स्वतःच्या नादात फिरतंय! घाबरून हँडल सरळ केलं. चाक धप्पकन खाली आलं, पण तोवर मी रस्त्याच्या पार उजव्या कडेला. समोरून कोणी येत नव्हतं म्हणून हे लिहितोय. तेव्हापासून एकटा असलो की डब्यात वाळूचं पोतं असतं, पट्ट्याने बांधलेलं. डावं वळण आलं की आधी वेग कमी आणि अंग डावीकडे. उजव्या वळणाला ही भीती बरीच कमी, डबा बाहेरून टेकू देतो.

गंमत म्हणजे हेच चाक मुद्दाम उचलून चालवणारे लोक आहेत. मीही आता मैदानात उचलतो. बायकोला सांगू नका.

*

आईचे गुडघे गेले. मोटरसायकलवर टांग टाकणं बंद, आणि चारचाकीत तिला कोंडल्यासारखं होतं. साइडकारला बाजूने दार करून घेतलं, पायाखाली एक पायरी. पहिल्या दिवशी बसल्यावर तिने पदर खोचला, पर्स मांडीवर घेतली आणि म्हणाली, "हळू नको चालवूस, मला वारा लागू दे." आता सिग्नलला लोक तिच्याशीच बोलतात. मी ड्रायव्हर.

*

इथे जोडणीचं कोणी बोललेलं दिसत नाही. निम्मं सुख तिथे आहे हो. दोन सरळ फळ्या घ्यायच्या, एक मोटरसायकलच्या चाकांना लावून, एक साइडकारच्या चाकाला. दोन्हींमधलं अंतर पुढून आणि मागून मोजायचं. पुढचं अंतर थोडं कमी हवं, माझ्या गाडीला सेंटिमीटरभर पुरतं. मग मोटरसायकल डब्यापासून किंचित बाहेर कललेली ठेवायची, कारण रस्ता मधे उंच आणि कडेला उतरता असतो. मोजमाप करताना डब्यात माणसाच्या वजनाचं काहीतरी असलं पाहिजे, मी पुतण्याला बसवतो. एका शनिवारी नऊ वेळा नट सैल केले, नऊ वेळा आवळले. दहाव्या फेरीला सरळ रस्त्यावर हँडलवरची पकड सैल केली तरी गाडी रेषेत चालली. पुतण्या तोवर झोपला होता.

हात भरून येत असतील तर पुढच्या फोर्कचं बघा. लीडिंग लिंक फोर्क (चाक पुढे आलेल्या आखूड दांड्यांवर धरणारा) बसवला की ट्रेल, म्हणजे हँडलच्या दांड्याची तिरकी रेषा जमिनीला मिळते तिथपासून चाक टेकतं तिथपर्यंतचं अंतर, कमी होतो आणि हँडल हलकं पडतं.

*

माझ्याकडे उरल आहे, मूळची रशियन, साइडकारवाली मोटरसायकल. तिचं मूळ 1941 सालच्या एम-72 या सोव्हिएत लष्करी मोटरसायकलमध्ये, आणि ती बेतलेली बीएमडब्ल्यू आर-71 वर. रिव्हर्स गिअर आहे, हे मोटरसायकलवाल्यांना सांगताना जो आनंद होतो तो वेगळाच. साइडकारच्या चाकालाही ताकद जोडता येते. चिखलात रुतले होते, खटका ओढला आणि गाडी म्हशीसारखी सावकाश वर आली. मात्र डिफरन्शियल (वळताना दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी यंत्रणा) नसल्याने पक्क्या रस्त्यावर खटका तसाच राहिला, तर गाडी वळायलाच तयार होत नाही. एकदा विसरले होते.

*

मला नाही आवडली. सहा महिने चालवली, विकली. वळणात झुकण्यासाठीच मी मोटरसायकल घेतो. इथे मायलेजही गेलं, टायरही लवकर गेले आणि गर्दीत फटीतून निघायची सोय गेली. तीनचाकीच पाहिजे तर रिक्षा काय वाईट?

*

झुकायचंच असेल तर शर्यती बघा. साइडकारची जागतिक स्पर्धा 1949 पासून आहे. त्यात बाजूचा गडी बसून राहत नाही, प्रत्येक वळणाला अंग बाहेर झोकून चाक दाबून धरतो. त्याला 'मंकी' म्हणतात. 1923 साली ब्रिटनजवळच्या आइल ऑफ मॅन बेटावरची पहिली साइडकार टीटी (टूरिस्ट ट्रॉफी शर्यत) फ्रेडी डिक्सनने जिंकली, तीही झुकणाऱ्या साइडकारवर! डब्यातला साथीदार दांडा ओढून ती कलती करायचा.

*

मी चालवत नाही, बसते. जमिनीच्या इतक्या जवळून, की ओल्या मातीचा वास आधी मला येतो, मग ह्यांना. ट्रकची चाकं डोक्याच्या उंचीला येतात, तेव्हा डोळे मिटते. आमचं कुत्रं मांडीवर असतं, त्याला गॉगल, मला गॉगल. डावं वळण यायच्या आधी हे डावा हात खाली करून माझ्या खांद्यावर दोनदा टकटक करतात, की मी आणि कुत्रं दोघंही डावीकडे सरकतो. हल्ली टकटक व्हायच्या आधीच कुत्रं सरकलेलं असतं.