ओसिस की यूएसएफएम? बायबलच्या मजकुराची मूळ फाइल कशात ठेवायची ते

ओसिस आणि यूएसएफएम हे बायबलचा मजकूर संगणकावर खुणा घालून साठवायचे दोन फॉरमॅट. काही जण म्हणतात की ओसिस एक्सएमएल आहे, म्हणजे एकात एक बसणाऱ्या टॅगांचं झाड, म्हणून तेच जास्त शिस्तीचं, सगळं त्यातच ठेवा. कागदावर बरोबर आहे हो, पण बायबलचा मजकूर एक्सएमएलच्या झाडात नीट बसतच नाही ना. उत्पत्ति २:४ घ्या, कितीतरी भाषांतरांत त्या वचनाच्या मधेच नवा परिच्छेद सुरू होतो, मग वचनाचा टॅग परिच्छेदाच्या आत की बाहेर? ओसिसवाल्यांनी त्यावर माइलस्टोन काढले, वचन सुरू झालं तिथे एक रिकामा टॅग आणि संपलं तिथे दुसरा, म्हणजे झाडाची शिस्त तिथेच सुटली आणि जोड्या जुळवत बसायचं काम आपल्याकडे आलं.

यूएसएफएममध्ये वचनाची खूण म्हणून बॅकस्लॅश व्ही, मग वचनाचा आकडा, मजकूर, झालं. भाषांतर करणारी मंडळी पॅराटेक्स्ट या बायबल भाषांतराच्या सॉफ्टवेअरमध्ये हेच वापरतात, साध्या एडिटरमध्येही उघडतं. तोटा आहेच, जो तो स्वतःचे झेडवाले मार्कर (झेडने सुरू होणाऱ्या घरच्या खुणा) घुसडतो आणि मग दुसऱ्याच्या सॉफ्टवेअरला ते कळत नाहीत. एक्सएमएलच हवं असेल तर यूएसएक्स आहे की, यूएसएफएमचंच एक्सएमएल रूप, डिजिटल बायबल लायब्ररी या बायबलांच्या ऑनलाइन संग्रहात तेच चालतं.

ओसिस खरं लागतं ते स्वोर्ड या बायबल वाचायच्या सॉफ्टवेअरचं मॉड्यूल (त्यात घालायची बायबलची फाइल) बनवायला. त्यासाठी यूएसएफएममधून ओसिस काढणाऱ्या स्क्रिप्टा आहेत, त्यातून आलेली फाइल हाताने सुधारू नका, चूक दिसली तर मूळ यूएसएफएममध्ये दुरुस्त करून परत काढा. झेफानिया, म्हणजे बायबलचा आणखी एक एक्सएमएल फॉरमॅट, नुसतं सर्चचं ॲप करायचं असेल तर ठीक.