मदत हवी आहे: नाचणीचे लाडू दगड होतात, आणि वाढदिवसाला वर्गात काय वाटू?

नमस्कार मंडळी,

लेक पुढच्या शुक्रवारी ६ वर्षांची होतेय. शाळेतून निरोप आलाय: वाढदिवसाला चॉकलेट-केक नको, घरी केलेलं काहीतरी पाठवा. त्याखाली आणखी एक ओळ: वर्गात एकाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे, तर शेंगदाणे, काजू, बदाम यातलं काहीच नको. म्हणजे मनात धरलेली चिक्की तिथेच बाद. वर्गात मुलं ३४.

सध्या स्वयंपाकघर माझ्याकडे आहे. बायको नोकरीसाठी नागपूरला, महिन्यातून दोनदा येते. पोळ्या, आमटी, खिचडी जमते, पण गोडाला हात बसलेला नाही. आईने लांज्याहून नाचणीचं पीठ दळून पाठवलं होतं, म्हटलं लाडू करून बघू.

केलं ते असं: २ वाट्या पीठ, अर्धी वाटी तूप, १० मिनिटं भाजलं. दुसऱ्या कढईत १ वाटी गूळ चमचाभर पाण्यात वितळवला, चांगला उकळला, पिठात ओतला. गरम असताना वळले तेव्हा झकास वाटत होते. तासाभराने लेकीने एक लाडू टेबलावर आपटला आणि विचारलं, "बाबा, हा लाडू आहे का लगोरीचा दगड?" चवीलाही कच्चट लागत होते. आईला फोन केला तर म्हणाली, "अंदाजाने घालायचं रे." माझ्याकडे तोच नाही.

नेमकं कुठे चुकलं? आणि दाणे-काजू न घालता मुलं आवडीने खातील असं काय करता येईल?

प्रतिसाद: गूळ कोणता घेतलात? पिवळसर, ओढला की तार येणारा का?

धागाकर्ता: हो, संक्रांतीचा उरलेला होता. पुडीवर "चिक्कीचा गूळ" लिहिलंय.

प्रतिसाद: मग सगळा दोष त्या पुडीचा! तो गूळ कडक होण्यासाठीच असतो, वर तुम्ही त्याचा पाक केलात. लाडवाला साधा मऊ गूळ घ्या, सुरीने बारीक चिरा आणि गॅसवर अजिबात चढवू नका. पीठ भाजून कोमट झालं की त्यात कालवायचा, हाताने चांगलं मळायचं. तूप अर्धी वाटी कमी पडतं, पाऊण वाटी घाला.

भाजण्याबद्दल: नाचणी मुळात तपकिरी, त्यामुळे बेसनासारखा रंग बदललेला दिसत नाही. नवखा माणूस तिथेच फसतो. मंद आचेवर १५-२० मिनिटं लागतात. आधी पीठ तूप पिऊन टाकतं, गोळा गोळा होतं, घाबरू नका. मग हळूहळू सैल पडतं, उलथनं हलकं फिरायला लागतं आणि खमंग वास थेट बाहेरच्या खोलीत जातो. तेव्हा गॅस बंद.

प्रतिसाद: वर्गासाठी राजगिऱ्याचे लाडू करा. तुमचा उरलेला चिक्कीचा गूळ तिथे कामी येईल. ३ वाट्या लाह्यांना १ वाटी गूळ. पाकाचा थेंब पाण्यात टाकून बोटाने गोळी झाली की गॅस बंद, लाह्या घाला आणि हाताला पाणी लावून भराभर वळा. एकट्याने करू नका, दोन माणसं हवीत. शेवटचे चार तर कढईतच थिजतात. फक्त विकतचे लाडू आणू नका, त्यात बरेचदा दाणे असतात.

आणि ॲलर्जीचं खरंच मनावर घ्या. आपल्या घरात मिक्सरचं भांडं म्हणजे दाण्याच्या कुटाचं भांडं. वेलची त्यात कुटू नका, खलबत्ता घ्या. तोही दाण्याचा नसेल तर!

प्रतिसाद: थोडं कडू बोलतो. गूळ घातला म्हणून पदार्थ पौष्टिक होत नाही. नाचणीत कॅल्शियम भरपूर, १०० ग्रॅममागे साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास, ते मान्य. पण दातांना गूळ आणि साखर सारखेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या सूचनेप्रमाणे वरून घातलेली साखर, गूळ, मध सगळं मिळून दिवसाच्या ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत हवं. या वयाला ते साधारण ३०-३५ ग्रॅम. वाटीभर गूळ १५०-१६० ग्रॅम भरतो. १६ लाडू केले तर एकात १० ग्रॅम. तेव्हा एक लाडू, तोही जेवणाबरोबर, वर खळखळून चूळ. दिवसभर डब्यातून येता-जाता एकेक उचलणं जास्त वाईट.

धागाकर्ता: सगळ्यांचे आभार. काल पुन्हा केले: पाऊण वाटी तूप, १८ मिनिटं, कोल्हापुरी मऊ गूळ, तोही पाऊण वाटीच. वास आल्यावर शेजारच्या काकू डोकावल्या, तेव्हा कळलं की भाजून झालं. लाडू बोटाने फुटतो. लेकीने आपटून पाहिला, पसरला. मग सांडलेलं वेचून खाल्लं.

खलबत्ता दाण्यांचाच निघाला, म्हणून वेलची लाटण्याने चुरली.

शुक्रवारसाठी राजगिरा पक्का. दुसरं माणूस म्हणून काकू येतायत. लाह्या कुठल्या घ्याव्यात एवढंच सांगा: आमच्या वाण्याकडे सुट्या मिळतात, पण त्याच वजनकाट्यावर तो शेंगदाणेही जोखतो. बंद पाकिटावर ॲलर्जीची सूचना कुठे छापलेली असते?