शेताच्या कडेची, रस्त्यालगतची झाडं नकाशावर घेऊन त्यांचा फायदा कसा दाखवायचा?

पानगळ: जंगलाबाहेरच्या झाडांचा नकाशा करतोय, म्हणजे बांधावरची, रस्त्याकडेची, ओढ्याकाठची. सेंटिनेल-२ उपग्रहाच्या फुकट इमेजेस घेतल्या, एनडीव्हीआय (हिरवेपणाचा आकडा) काढला, पण उभं पीकही हिरवं आणि झाडही हिरवं, नुसता गोंधळ. आणि झाडं सापडली तरी कार्बन, सावली, धूप थांबणं हे सगळं एका नकाशात कसं बसवायचं? झाडाला मार्क द्यायचे का?

उतारपट्टी: सेंटिनेलचा पिक्सेल (इमेजचा एक चौकोन) १० मीटरचा, एकट्या झाडाचा घेर बऱ्याचदा त्याहून लहान, मग एकाच पिक्सेलमध्ये थोडं झाड थोडं शेत येणारच. एका तारखेवर अडकू नकोस, वर्षभराच्या इमेजेस लाव, कापणी झाली की शेत उघडं पडतं आणि तरी जे हिरवं राहतं ते बहुतेक झाड. बागायतीत हे फसतं. आणि आफ्रिकेतलं फेडर्बिया अल्बिडा तर पावसाळ्यात पानं गाळतं, अशी उलटी झाडंही असतात 😄 सुटं झाड मोजायचं तर अर्ध्या मीटरच्या आसपासची इमेज लागते. पश्चिम आफ्रिकेत सहारा-साहेलच्या भागात तशा इमेजेस आणि डीप लर्निंग वापरून १३ लाख चौ. किमीत १८० कोटींच्या वर झाडं मोजली होती, पेपर २०२० चा, आणि हा भाग लोक ओसाड समजत होते.

आडवा वारा: मार्कबिर्क अजिबात नको. झाड कुठंय याने कार्बनला काही फरक पडत नाही, बाकी सगळ्याला पडतो. तीच दहा झाडं वाऱ्याला आडवी असली तर मागे उंचीच्या दहा-पंधरापट अंतरापर्यंत वारा कमी होतो, वाऱ्याच्या दिशेतच उभी असली तर जवळपास काहीच नाही. धुपेचं तसंच, उताराला आडवी ओळ हवी. सावली तर माणसं-जनावरं जिथे थांबतात तिथेच कामाची. म्हणून वाऱ्याची दिशा, उतार, वस्ती हे वेगळे लेयर घे आणि प्रत्येक फायद्याचा वेगळा नकाशा काढ, सगळ्याची बेरीज करून एक आकडा काढलास तर तो कशाचा आहे हे तुलाही सांगता येणार नाही.

पानगळ: हे पटलं. मग कार्बनला जंगलातल्या झाडांची समीकरणं (बुंध्याच्या मापावरून झाडाचं वजन काढायची) चालतील ना?

उतारपट्टी: जपून. मोकळ्यावरचं झाड आडवं पसरतं, बुटकं राहतं, त्यात लोक फांद्या तोडत असतात, त्यामुळे जंगलाचं समीकरण अंदाज चुकवतं, शहरी झाडांसाठी तर कित्येकदा उत्तराला ०.८ ने गुणतात. थोड्या झाडांचा बुंधा १.३ मीटर उंचीवर स्वतः मोज, इमेजमधल्या पानांच्या घेराशी ताडून बघ. कोरड्या वजनाच्या निम्म्याच्या आसपास कार्बन धर, आणि कार्बन डायऑक्साइड सांगायचा असेल तरच ३.६७ ने गुण, इथे लोक हमखास घोळ घालतात.

आडवा वारा: +१. उंचीसाठी गेडीचा (नासाच्या अवकाशातल्या लेसर यंत्राचा) डेटा कोणी सुचवेल, पण त्याचा एकेक ठिपका २५ मीटर व्यासाचा आणि मधे बरीच जागा रिकामी, एकट्यादुकट्या झाडाला नाही चालणार.