फोर-पोस्ट लिफ्टसाठी जॅक कोणता घ्यावा? सोसायटी ग्रुपवरील चर्चा

रो-हाऊस ११: सर्व सदस्यांना नमस्कार. माझ्या गॅरेजमधील फोर-पोस्ट लिफ्ट बसवून झाली असून तिची क्षमता ३६०० किलो आहे. या लिफ्टवर गाडी दोन रनवेंवर (लांब लोखंडी पट्ट्यांवर) स्वतःच्या चाकांवरच उभी राहते. त्यामुळे ऑइल बदलणे किंवा सायलेन्सर तपासणे ही कामे निवांत होतात; परंतु ब्रेक पॅड, शॉक अ‍ॅब्सॉर्बर किंवा टायरला हात घालायचा झाला, तर चाके रनवेवरून सुटी व्हावी लागतात. त्यासाठी विक्रेत्याने तीन पर्याय सुचवले आहेत. पहिला पर्याय दोन रनवेंच्या मध्ये सरकणारा लोखंडी जॅक ट्रे आणि त्यावर नेहमीचा बॉटल जॅक हा आहे, दुसरा हातपंपाचा ब्रिज जॅक (दोन्ही रनवेंच्या आतल्या कडांवर पुलासारखा टेकून सरकणारा जॅक) आणि तिसरा कॉम्प्रेसरच्या हवेवर चालणारा ब्रिज जॅक. तिन्हींच्या किमतीत मोठी तफावत आहे. घरात एक जुनी बोलेरो आणि एक स्विफ्ट आहे. ओझरचे एचएएल, मायको, महिंद्र अशा कारखान्यांत उभी हयात काढलेली मंडळी या ग्रुपवर आहेत, म्हणून खरेदीपूर्वी आपला सल्ला घ्यावा असे वाटले.

रो-हाऊस ८: जॅक ट्रेसाठी एवढे पैसे कशाला घालवता? अंबडला आपले वर्कशॉप आहेच. ८ मिलिमीटरची प्लेट घेऊन दोन्ही टोकांना हुक वेल्ड करून देतो. वर बॉटल जॅक ठेवा, काम झाले.

रो-हाऊस ३: ८ नंबरच्या दादांच्या हातच्या वेल्डिंगबद्दल मला तिळमात्र शंका नाही, तरीही या कामात किंमत आणि जाडी यांच्या आधी एक प्रश्न विचारावा लागतो, तो असा की जॅकने गाडी उचलल्यानंतर तिचे वजन कशावर ठेवणार? जमिनीवर काम करताना आपण ट्रॉली जॅकने गाडी उचलतो, लगेच खाली घोडी (लोखंडी स्टँड) लावतो आणि जॅक ढिला करतो. हात गाडीखाली जातो तो घोडीच्या भरवशावर, जॅकच्या नव्हे. फोर-पोस्ट लिफ्टवर दोन रनवेंच्या मध्ये मोकळी हवा असते. ट्रेवर बॉटल जॅक ठेवून पुढचा भाग उचलला, तर त्या ट्रेवर दुसऱ्या घोडीला बहुधा जागाच उरत नाही आणि बॉटल जॅकला स्वतःचे यांत्रिक लॉक नसते. म्हणजे दोन्ही चाके काढलेली गाडी एका रबरी सीलच्या आणि मूठभर तेलाच्या जिवावर उभी राहणार, आणि तीही जमिनीपासून माणसाच्या उंचीवर.

ओझरला विमान जॅकवर घेताना, मिग असो वा पुढच्या काळातले सुखोई, जॅकच्या दांड्यावर आटे असलेली एक जाड रिंग असते. दांडा जसजसा वर जातो, तसतशी ती रिंग हाताने फिरवत सिलिंडरच्या तोंडालगत खाली आणायची असते. सील फुटले तरी विमान फार तर त्या बोटभर फटीएवढे खाली बसते. ती रिंग फिरवणारा माणूस कंटाळला तर त्याला तिथून बाजूला करत असत, कारण अपघात नेहमी "आता झालेच आहे" या क्षणी होतो. चांगल्या ब्रिज जॅकमध्ये हेच काम दातेरी पट्टी आणि खटका करतात. जॅक वर जाताना खटका एकेका दात्यात पडत जातो, मग जॅक किंचित खाली सोडून वजन त्या दात्यावर टेकवायचे, म्हणजे तेलावरचा भार संपतो. ११ नंबर, तुम्ही विक्रेत्याला पहिला प्रश्न हाच विचारा की लॉक आहे का, ते किती-किती अंतरावर पडते आणि सोडण्यासाठी हात गाडीखाली घालावा लागतो की बाहेरून दांडा ओढता येतो. लॉक नसलेला पर्याय कितीही स्वस्त असला, तरी माझ्या मते तो यादीतूनच काढावा.

रो-हाऊस ५: काकांच्या मुद्द्याशी मी सहमत आहे, प्लेटबाबत मात्र थोडी आकडेमोड करून दाखवते. दोन्ही टोकांना टेकलेल्या पट्टीच्या मधोमध भार आला, तर बेंडिंग मोमेंट, म्हणजे पट्टीला वाकवणारा जोर, भार गुणिले लांबी भागिले चार इतका येतो. दोन रनवेंमधील अंतर १ मीटर आणि भार १५०० किलो धरला, तर तो ३७,५०० किलो-सेंटिमीटर होतो. ३० सेंटिमीटर रुंद आणि ८ मिलिमीटर जाड सपाट प्लेटचे सेक्शन मॉड्युलस (आकारामुळे वाकण्याला होणाऱ्या विरोधाचे माप) जेमतेम ३.२ घन सेंटिमीटर असते, त्यामुळे ताण दर चौरस सेंटिमीटरला ११,७०० किलोच्या घरात जातो. साधे माइल्ड स्टील २५०० च्या आसपासच कायमचे वाकते. म्हणजे पूर्ण भार येण्याच्या कितीतरी आधी प्लेट पोटात वाकेल, टोकांचे हुक आतल्या बाजूला सरकतील आणि जॅक तिरपा होईल. त्याऐवजी दोन आयएसएमसी १०० चॅनेल (१०० मिलिमीटर उंचीचे, सी आकाराचे पोलादी गर्डर) शेजारी-शेजारी जोडले, तर दोघांचे मिळून मॉड्युलस ७४ घन सेंटिमीटर आणि ताण साधारण ५०० किलो, म्हणजे पट्टीपुरते निर्धास्त.

पण प्रश्न इथे मिटत नाही. हा सगळा भार शेवटी रनवेच्या आतल्या कडेला असलेल्या बारीक ओठावर येतो. तो ओठ किती वजन सोसेल, हे लिफ्टच्या उत्पादकालाच ठाऊक असते, कारण तिथे भार आल्यावर रनवे आतल्या बाजूला पिळवटतो आणि तो पीळ टोकांच्या क्रॉस बीमपर्यंत जातो. त्याच कंपनीचा, त्याच मॉडेलसाठी नमूद केलेला जॅक घेणे म्हणूनच शहाणपणाचे. युरोपात वाहन लिफ्टसाठी ईएन १४९३ हे मानक आहे आणि अमेरिकेत एएलआय (ऑटोमोटिव्ह लिफ्ट इन्स्टिट्यूट) या संस्थेचे प्रमाणपत्र पाहतात. तुमच्या लिफ्टच्या कागदपत्रांत यांपैकी काही असेल, तर त्या तपासणीत जॅकचा समावेश होता का, हेही लेखी विचारून घ्या.

रो-हाऊस ८: ताईंचा हिशेब मान्य आहे. ट्रेचा विषय माझ्याकडून संपला. उंची वाढवणारे स्पेसर किंवा रबरी पॅडचे कप हवे असतील, तर ते लेथवर नीट करून देईन.

रो-हाऊस ११: काका आणि ताई, मनापासून आभार. आता क्षमतेविषयी विचारतो. ब्रिज जॅक दीड टनापासून तीन टनांपर्यंत दिसतात. बोलेरोचे वजन दीड टनाहून अधिक आहे, मग तीन टनांचाच घ्यावा का?

रो-हाऊस ३: ब्रिज जॅक एका वेळी गाडीचे एकच टोक उचलतो. इंजिन पुढे असलेल्या गाडीत निम्म्याहून थोडे अधिक वजन पुढच्या चाकांवर असते, म्हणजे बोलेरोचे पुढचे टोक टनाच्या आत-बाहेर आणि स्विफ्टचे त्याहून खूपच कमी. दोन टनांचा जॅक तुमच्या दोन्ही गाड्यांना पुरून उरेल. मोठ्या जॅकचे स्वतःचे वजनही मोठे असते. शंभर-सव्वाशे किलो आणि काही त्याहून जड. हे वजन तुमच्या ३६०० किलोंतूनच वजा होते आणि तो जॅक पहिल्यांदा रनवेवर चढवायचा तर चार माणसे लागतात, हे विसरू नका.

क्षमतेपेक्षा उंचीचा हिशेब अधिक नाजूक आहे, आणि गिऱ्हाईक नेमके तेच पाहत नाही. बोलेरोची मागची बाजू चेसिसखाली जॅक लावून उचललीत, तर सुरुवातीला चेसिस वर जाते आणि अ‍ॅक्सल पाट्यांसह (पट्ट्यांच्या स्प्रिंगसह) खाली लोंबत राहते. जॅक बराच वर गेला तरी टायर रनवेवरच बसलेला दिसतो. पाटे पूर्ण मोकळे झाले की मग कुठे चाक सुटते. त्याच गाडीच्या मागच्या अ‍ॅक्सलच्या नळीखाली पॅड लावला, तर टायरचा फुगवटा निघाला की चाक लगेच हवेत येते. म्हणून ब्रेकचे काम असेल तर अ‍ॅक्सलखाली आणि पाटे किंवा शॉक अ‍ॅब्सॉर्बर काढायचे असतील तर चेसिसखाली, असा भेद ठेवावा लागतो. दुसऱ्या प्रकारासाठी जॅकची पूर्ण उंची अपुरी पडली, तर स्पेसर लागतात. स्पेसर एकात एक घट्ट बसणारे असावेत. लाकडाचा ठोकळा वापरायचाच झाला, तर सागवानी किंवा तशाच कठीण लाकडाचा, रुंद बाजूवर आडवा ठेवलेला असावा, कारण उभ्या रेषांनी ठेवला की तो चिरतो. वीट किंवा पेव्हर ब्लॉक कोणत्याही परिस्थितीत लावू नये.

स्विफ्टची गोष्ट उलटी आहे. तिला चेसिस नाही. दारांखालच्या पट्टीच्या कडेला पत्र्याची जी दुमड असते, तिच्यावर पुढे-मागे दोन खाचांच्या दरम्यान जॅक लावण्याची जागा दिलेली असते. तिथे सपाट पॅड लावला, तर दुमड चेपते आणि पुढे गंज तिथूनच सुरू होतो. मध्ये चीर असलेला रबरी पॅडच लागतो. शिवाय ही दुमड रनवेच्या वर येते, दोन रनवेंच्या मधल्या मोकळ्या जागेत नव्हे. त्यामुळे ब्रिज जॅकचे सरकते हात रनवेच्या पृष्ठभागाच्या वर येऊन बाहेर सरकतात, की आतल्या आतच अडतात, हे प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. हात अडत असतील, तर स्विफ्टला पुढच्या सबफ्रेमखाली (इंजिनाखालच्या लोखंडी चौकटीखाली) उचलावे लागेल, आणि तेही गाडीच्या पुस्तिकेत ती जागा दाखवली असेल तरच.

रो-हाऊस १४: आमची गाडी इलेक्ट्रिक आहे. कधी टायर बदलायला तुमच्याकडे आणली तर चालेल का?

रो-हाऊस ३: चालेल, परंतु बॅटरीचा ट्रे गाडीच्या पोटाखाली मधोमध असल्याने जॅकचा कोणताही भाग त्याला टेकता कामा नये, केवळ पुस्तिकेत दाखवलेल्या चार जागा वापरायच्या. जॅक खाली बसलेला असताना त्याचा सर्वांत उंच भाग रनवेच्या वर येत असेल, तर कमी उंचीची गाडी चढवण्यापूर्वी तो एका टोकाला नेऊन ठेवावा, नाहीतर गाडी चढतानाच तो पोटाला घासेल.

सचिव: व्यवस्थापन समितीच्या वतीने एक विनंती. हवेवर चालणाऱ्या जॅकसाठी कॉम्प्रेसर लागेल असे वर लिहिले आहे. दोन रो-हाऊसमधील भिंत सामाईक आहे आणि १० व १२ नंबरमध्ये ज्येष्ठ मंडळी दुपारी विश्रांती घेतात. कृपया आवाजाचा विचार व्हावा.

रो-हाऊस ११: सचिव साहेब, आपली सूचना योग्य आहे आणि ती माझ्याही सोयीची ठरते. हवेच्या जॅकला साधारण ६ ते ८ बार दाब लागतो. गॅरेज चालवणाऱ्यास, जिथे दिवसभर गाड्या येत राहतात, तिथे तो वेळ वाचवतो. माझ्याकडे महिन्याकाठी एखादे काम निघेल. हातपंपाच्या जॅकला कॉम्प्रेसर नको, हवेच्या नळ्या नकोत, वीज गेली तरी काम अडत नाही, आणि पंप मारताना जॅक किती वर गेला आणि गाडी कुठे झुकते आहे, याकडे लक्ष राहते. तेव्हा यांत्रिक लॉक असलेला, दोन टनांचा, हातपंपाचा ब्रिज जॅक घेण्याचे मी ठरवत आहे.

रो-हाऊस ५: उत्तम. विक्रेता ऑइल गळती झेलणारे प्लास्टिकचे ट्रेही दाखवेल. खाली दुसरी गाडी उभी करणार असाल तर ते जरूर घ्या. पण ते लोखंडी जॅक ट्रेच्या जागी बसतात म्हणून त्यांवर कोणी चुकून जॅक ठेवणार नाही, हे घरातल्या मुलांना सांगून ठेवा.

रो-हाऊस ३: वापरण्याविषयी थोडे लिहून थांबतो. लिफ्ट वर नेल्यावर ती चारही खांबांच्या खटक्यांवर टेकवल्याशिवाय ब्रिज जॅकला हात लावू नये. लिफ्ट दोरांवर लटकलेली असताना एका टोकाचा भार हलला की दोर कमी-अधिक ताणले जातात आणि रनवे तिरके होतात. दुसरे असे की तुमच्या दोन्ही गाड्यांचा हँडब्रेक मागच्या चाकांवर चालतो. मागची चाके उचललीत की तो निरुपयोगी होतो आणि गाडी पुढच्या चाकांवर मोकळी राहते; स्विफ्टचे इंजिन पुढच्या चाकांना जोडलेले असल्याने पहिला गियर टाकून ठेवता येतो, पण बोलेरोचे इंजिन मागची चाके फिरवते, त्यामुळे तिथे गियरचाही उपयोग नाही. म्हणून रनवेवर राहणाऱ्या चाकांना पुढून आणि मागून पाचर लावल्याखेरीज पंपाचा पहिला दाब मारायचा नाही. पाचर रबरी असाव्यात. रनवेचा पत्रा गुळगुळीत असतो आणि पावसाळ्यात टायर ओले आले की लाकडी पाचर त्यावरून सरकते.

रो-हाऊस ११: नोंद घेतली, काका. विक्रेत्याला पाठवण्यासाठी रनवेच्या आतल्या दोन कडांमधील अंतर, ओठाची रुंदी आणि जाडी, तसेच ओठापासून रनवेच्या वरच्या पृष्ठभागापर्यंतची उंची ही मापे घ्यायची आहेत. अंतर दोन्ही टोकांना आणि मध्यभागी अशा तीन ठिकाणी मोजतो, कारण रनवे जराही तिरका बसला असेल, तर जॅकची चाके एका टोकाला अडतील आणि दुसऱ्या टोकाला ओठावरून निसटायला येतील.

रो-हाऊस ८: रविवारी सकाळी १० वाजता व्हर्नियर आणि मोठा टेप घेऊन येतो. अंतरात फरक निघाला, तर जॅक मागवण्यापूर्वी क्रॉस बीमचे बोल्ट ढिले करून रनवे समांतर करून घ्यावे लागतील आणि त्यासाठी लिफ्ट बसवणाऱ्या माणसालाच बोलवा, आपण हात लावायला नको. स्विफ्ट मात्र त्या दिवशी बाहेर नेऊ नका, दुमड आणि रनवेची कड यांच्यातले अंतरही तेव्हाच मोजून घेऊ.