मदत हवी आहे: मोबाइलवर सर्व चिन्हांसह प्राचीन ग्रीक कसे टंकावे?

नमस्कार.

वैदिक संस्कृत आणि प्राचीन ग्रीक यांच्या तुलनात्मक अभ्यासासाठी मी टिपणे ठेवते. ती टिपणे आणि त्यांवरून होणारे मराठी लेखन मी बहुतेक वेळा मोबाइलवरच करते. त्यात येणारे ग्रीक शब्द आघातचिन्हांसह आणि श्वासचिन्हांसह अचूक टंकण्याची खात्रीची पद्धत मला हवी आहे. कोणत्याही पडद्यावर हा प्रश्न नीट वाचता यावा म्हणून येथे ग्रीक अक्षरांची आणि चिन्हांची नावे देवनागरीतच लिहीत आहे.

फोनबरोबर आलेल्या कळफलकात ग्रीक भाषा निवडता येते, परंतु ते आधुनिक ग्रीक असते. ग्रीसने १९८२ मध्ये एकाच आघातचिन्हाची लेखनपद्धती अधिकृतपणे स्वीकारली. त्यामुळे स्वराची कळ दाबून धरली की तोनोस हे आघातचिन्ह आणि दिआलितिका ही दोन टिंबे एवढेच हाती लागते. आजच्या ग्रीक व्यवहाराला तेवढे पुरते. प्राचीन ग्रीक ग्रंथ मात्र आजही जुन्या पद्धतीनेच छापले जातात. तीत ऑक्सिया, वारिया आणि पेरिस्पोमेनी हे तीन आघात, शब्दारंभीच्या स्वरावर ‘ह’ उच्चारायचा की नाही हे सांगणारी दासिया आणि प्सिली ही दोन श्वासचिन्हे आणि अल्फा, इटा व ओमेगा यांच्या पायाशी बसणारा बारीक इओटा असे सर्व काही लागते. श्वासचिन्ह, आघात आणि पायाशी इओटा यांच्या जोडण्या मोजल्या, तर साध्या रूपासह लहान लिपीतल्या एकट्या अल्फाचीच २४ रूपे होतात. एक कळ दाबून धरल्यावर उघडणाऱ्या चिमुकल्या चौकटीत ही सगळी रूपे मांडली तरी त्यांतून बोटाने नेमके एक निवडणे कठीणच जाणार.

चिन्हे गाळून लिहावे, असा सल्ला मिळतो. तो मला मान्य करता येत नाही, कारण त्याने अर्थ बदलतो. ‘ओरोस’ या शब्दाच्या पहिल्या स्वरावर प्सिली असेल तर त्याचा अर्थ डोंगर होतो आणि त्याच जागी दासिया असेल तर तो ‘होरोस’ म्हणजे सीमा होतो. बाकी अक्षरे आणि आघात दोन्हींत सारखेच आहेत. माझ्या विषयात तर आघात हाच पुरावा असतो. वैदिक ‘पितृ’ शब्दाचा उदात्त, म्हणजे उंच सूर, अंत्य स्वरावर आहे आणि ग्रीक ‘पातेर’चा आघातही अंत्य स्वरावरच आहे. ‘मातृ’चा उदात्त अंत्य असताना ग्रीक ‘मेतेर’मध्ये मात्र तो पहिल्या स्वरावर सरकलेला दिसतो. भाषाशास्त्रज्ञ कार्ल व्हेर्नर यांनी जर्मानिक भाषांतील व्यंजनांचा जो नियम मांडला, त्याचा आधारच वैदिक स्वर आणि ग्रीक आघात यांतून कळणारे मूळ आघाताचे स्थान हा होता. उदात्त-अनुदात्त गाळून ऋग्वेदाचा उतारा स्वरचर्चेत कोणी देणार नाही, मग ग्रीकच्या बाबतीत ती सूट का घ्यावी?

चाचणीसाठी मी इलियडची पहिली ओळ घेतली आहे, कारण तेवढ्या एका ओळीत बहुतेक अडचणी भेटतात. पहिल्या ‘मेनिन’ शब्दातल्या इटावर पेरिस्पोमेनी आहे. ‘आएइदे’च्या पहिल्या अल्फावर प्सिली आणि ऑक्सिया दोन्ही एकत्र आहेत. ‘थेआ’वर वारिया आहे, कारण अंत्य स्वरावरचा ऑक्सिया पुढे लगेच दुसरा शब्द आला की वारियात बदलतो. ‘पेलेइआदेओ’त इओटावर दोन टिंबे आहेत आणि त्यालगतच्या अल्फावर ऑक्सिया आहे. शेवटच्या अखिलेउसच्या नावात मोठ्या लिपीतला अल्फा असल्याने त्याची प्सिली अक्षराच्या डोक्यावर न बसता डावीकडे बसते. एखादा कळफलक ही ओळ विनासायास टंकू देत असेल, तर तो माझ्या बहुतेक कामाला पुरेल.

आतापर्यंत वापरलेल्या मार्गांविषयी थोडक्यात सांगते. संकेतस्थळावरून शब्द उचलून चिकटवणे जमते, पण विभक्तिरूप बदलायचे झाले की पुन्हा शोध घ्यावा लागतो. वैयक्तिक शब्दकोशात लघुरूपे साठवून ठेवल्याने नेहमीचे काही शब्द पटकन येतात, परंतु ग्रीक नामांची आणि क्रियापदांची रूपे इतकी आहेत की हा उपाय लवकरच अपुरा पडतो. संगणकावर पॉलिटॉनिक, म्हणजे सर्व चिन्हांच्या जुन्या पद्धतीच्या, ग्रीकचा कळफलक मिळतो. त्यात आधी चिन्हाची आणि मग स्वराची कळ दाबायची असते. मराठी टंकताना आधी व्यंजन आणि मग मात्रा अशी आपली सवय असल्याने मोबाइलवर मला उलट क्रम, म्हणजे आधी स्वर आणि मग चिन्ह, अधिक सोयीचा वाटेल. डेव्हिड पॅकर्ड यांच्या बीटा कोड या रोमन अक्षरांनी ग्रीक लिहिण्याच्या पद्धतीत लहान अक्षरांसाठी हाच क्रम आहे. तीत रोमन अक्षरानंतर प्सिलीसाठी बंद कंस, दासियासाठी उघडा कंस, ऑक्सियासाठी तिरपी रेघ आणि पेरिस्पोमेनीसाठी बरोबरीचे चिन्ह येते. बीटा कोड टंकताच थेट ग्रीक अक्षर उमटवणारा मोबाइल कळफलक कोणी वापरला आहे का?

एक तांत्रिक बाबही विचारायची आहे, आणि माझ्या दृष्टीने तीच सर्वांत महत्त्वाची आहे. युनिकोड या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या प्रमाणपद्धतीत चिन्हासह तयार अक्षरे आहेत, तशीच सुटी जोडचिन्हेही आहेत. प्सिली ०३१३, दासिया ०३१४, वारिया ०३००, ऑक्सिया ०३०१, पेरिस्पोमेनी ०३४२ आणि पायाशी बसणारा इओटा ०३४५ असे त्यांचे क्रमांक आहेत. सुटी चिन्हे वापरताना श्वासचिन्ह आधी आणि आघात नंतर यायला हवा. क्रम उलटला तर ती अक्षरजोडणी तयार अक्षराशी समतुल्य राहत नाही आणि पडद्यावर चिन्हे एकमेकांवर चढलेली दिसू शकतात. शिवाय ऑक्सियासह अल्फा दोन वेगवेगळ्या क्रमांकांवर नोंदलेला आहे, एक आधुनिक ग्रीकच्या विभागात आणि दुसरा विस्तारित ग्रीकच्या विभागात. युनिकोड ही दोन्ही रूपे समतुल्य मानते, परंतु टिपणांचे ॲप तसे मानेलच असे नाही. ॲपने ती वेगळी मानली तर एका रूपात लिहिलेला शब्द दुसऱ्या रूपाने शोधल्यावर सापडत नाही. म्हणून कळफलकाने प्रमाणित, एकाच साच्यातली अक्षरे द्यावीत अशी माझी अपेक्षा आहे.

एसआयएल या संस्थेचे कीमॅन हे मोफत ॲप अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींवर चालते आणि त्याच्या संग्रहात पॉलिटॉनिक ग्रीकचे कळफलक आहेत, एवढी माहिती मला आहे. ते मराठीच्या कळफलकाशेजारी ठेवून रोज वापरणाऱ्या कोणी येथे असल्यास त्यांचा अनुभव वाचायला आवडेल. मराठीतून ग्रीककडे आणि पुन्हा मराठीकडे यायला किती कळा दाबाव्या लागतात? इंटरनेट बंद असताना ते चालते का? बाहेरचा कळफलक बसवला की आपण टंकलेले सर्व काही त्याच्या हाती जाते, त्यामुळे तो कोणत्या परवानग्या मागतो हेही कळावे. आयफोनवर याहून सोपा मार्ग असेल तर तोही सांगावा, कारण माझ्या अभ्यासगटातील काही जण आयफोन वापरतात.

उत्तर देताना आपला फोन कोणता आहे, कळफलकाचे नाव काय आणि ‘आएइदे’चा पहिला अल्फा, म्हणजे प्सिली आणि ऑक्सिया असलेला, आणण्यासाठी कोणत्या कळा कोणत्या क्रमाने दाबाव्या लागतात, एवढे कृपया लिहावे. त्या एका अक्षरावरून तो कळफलक माझ्या उपयोगाचा आहे की नाही हे मला ठरवता येईल.