३१ गाण्यांचा अल्बम आणि ६० मिनिटांची कॅसेट

सोसायटी ग्रुप, घोडबंदर रोड, ठाणे
सोमवार, २९ एप्रिल २०२४, संध्याकाळी ७ नंतर

नाईक (सेक्रेटरी): उद्या सकाळी ९ ते ११ टाकी साफ होणार. बादल्या भरून ठेवा. आंब्याच्या पेटीचे पैसे वॉचमनकडे देऊ नका, मला द्या.

सावंत (बी-४०२): पेटीचे दिलेत हो, जीपे बघा. बरं, शनिवारी कोणीतरी विचारलं होतं, त्या नवीन अल्बमचं एवढं काय चाललंय. मी जाणकार नाही. ट्रान्सहार्बर लोकलने ऐरोलीला जाता-येता कानात जे पडतं तेवढंच. मोठं आहे, ज्यांना कंटाळा असेल त्यांनी पंखा वाढवून झोपावं.

१९ एप्रिलला एकाच दिवशी दोन अल्बम आले. पहिला अमेरिकन गायिका टेलर स्विफ्टचा, 'द टॉर्चर्ड पोएट्स डिपार्टमेंट'. अमेरिकेत रात्री १२, म्हणजे आपल्याकडे सकाळी साडेनऊ. मी ठाण्याला १० नंबर प्लॅटफॉर्मवर उभा. १६ गाणी, तासाभराचा ऐवज. म्हटलं जाताना अर्धा, येताना अर्धा. ऑफिसात पोचून चहा घेतो न घेतो तोच साडेअकराला आणखी १५ गाणी! पंगतीत आपण पानावर आडवा हात धरलाय आणि वाढपी बोटांच्या फटीतून जिलबी सोडतोय, तसं. एकूण ३१ गाणी, दोन तासांच्या वर.

आवाज छान आहे, नाही म्हणणार नाही. शेजारच्या सीटवर बसून आपल्यालाच सांगतेय असं वाटतं. पण बरीचशी गाणी एकाच चालीनं चालतात, मागे तोच मऊ कीबोर्ड. एक कुठे संपलं नि दुसरं कुठे सुरू झालं, पत्ता लागत नाही. आठव्या गाण्यात फ्लोरेन्स वेल्च ही दुसरी गायिका येते, ड्रम असे आदळतात की माझी डुलकी मोडली. तेवढं एक लक्षात राहिलं.

दुसरा पर्ल जॅमचा 'डार्क मॅटर'. हा सिअ‍ॅटलचा रॉक बँड, पहिला अल्बम १९९१ चा. बारावीत मित्राच्या कॅसेटवर ऐकायचो, शब्द तेव्हाही कळत नव्हते. त्यांचा गायक एडी वेडर आता साठीला आलाय, पण गळा अजून तसाच खरखरीत. ११ गाणी, ४८ मिनिटं. घोडबंदरवर मेट्रोच्या खड्ड्यांत बस अडकली म्हणून सलग दोनदा ऐकला, आणि दुसऱ्यांदा जास्त आवडला.

आता खरी गंमत. काल अमेरिकेचा चार्ट, म्हणजे अल्बमांची क्रमवारी, आला. टेलरबाई १ नंबर, पहिल्या आठवड्यात २६ लाख १० हजार अल्बम. पर्ल जॅम पाचवे. आणि मोजतात कसे? २०२४ चा नियम असा: नेटवर पैसे भरून ऐकणाऱ्यांनी अल्बममधली गाणी १,२५० वेळा वाजवली की एक अल्बम धरतात. फुकट ऐकणाऱ्यांची ३,७५० वेळा. म्हणजे ३१ गाण्यांचा अल्बम ४०-४१ वेळा वाजला की एक विक्री, ११ गाण्यांचा ११४ वेळा वाजायला हवा. गाणी वाढवली की मीटर पळतो. रिक्षावाल्याने कासारवडवलीहून तीन हात नाक्याला जाताना वागळे इस्टेट फिरवून आणावं, तशातली गत.

परब काकू (बी-६०४): 👏👏 वाचलं सगळं. पेटीत दोन आंबे डागी निघाले, कोणाला सांगायचं?

नाईक (सेक्रेटरी): काकू, पर्सनलवर.

मृण्मयी (ए-१०३): सावंत काका, दोन गोष्टी. एक, तो चार्ट फक्त अमेरिकेतलं ऐकणं धरतो. तुमच्या ट्रान्सहार्बरच्या ३१ गाण्यांनी तिकडे काडीचा फरक पडलेला नाही. दोन, त्या २६ लाखांतले १९ लाख चक्क विकत घेतलेले आहेत. साडेआठ लाखांच्या वर तर नुसत्या व्हिनाइलच्या तबकड्या! स्ट्रीमिंगचे, म्हणजे नेटवर ऐकण्यातून धरलेले, सात लाखसुद्धा नाहीत. तुमचा रिक्षाचा मीटर फार तर पाव हिश्शाला लागू.

सावंत (बी-४०२): हे मला माहीत नव्हतं. मानलं. पण या जमान्यात १९ लाख विकत घेतले कोणी?

मृण्मयी (ए-१०३): चार आवृत्त्या काढल्या. गाणी तीच, शेवटचं एक फक्त प्रत्येकीत वेगळं. माझी अमेरिकेतली मावसबहीण चारही घेऊन बसलीये. घरी प्लेअर नाहीये 🙈

सावंत (बी-४०२): म्हणजे मीटर आहेच. जागा बदलली फक्त.

मृण्मयी (ए-१०३): आहेच, नाही कुठे म्हणतेय. पण गर्दीत लटकून ऐकून 'सगळी सारखी' म्हणू नका ना. तिचं सगळं काम शब्दांत असतं. सतरावं गाणं लावा, 'द ब्लॅक डॉग'. समोर शब्द उघडून. प्रियकर सोडून गेलाय, पण फोनवरचं लोकेशन बंद करायला विसरलाय. आणि तो कुठल्या बारमध्ये शिरतोय ते तिला घरबसल्या दिसतंय. बस, एवढंच.

परब काकू (बी-६०४): आमच्या ह्यांनी लोकेशन बंद करायला नातवाकडून शिकून घेतलंय.

दाते काका (सी-२०१): परब, जपून 😀
सावंत, तू मोजणीचं लिहिलंस म्हणून सांगतो. आम्हाला बिनाका गीतमाला होती. दर बुधवारी रात्री ८, रेडिओ सिलोन. तिचे निवेदक अमीन सायानी फेब्रुवारीत गेले तेव्हा मी दिवसभर कोणाशी बोललो नाही, घरचे म्हणाले बीपी तपासा. तिथेही मोजणी होतीच. दुकानांतून रेकॉर्डी किती खपल्या ते यायचं आणि श्रोता संघांची पत्रं यायची. आमच्या वाडीतही एक श्रोता संघ होता. सभासद ७, पण पत्रं २५ जायची. अक्षर बदलून लिहायचं काम माझ्याकडे.

सावंत (बी-४०२): काका!!

दाते काका (सी-२०१): मग? आवडतं गाणं पायदानावरून घसरलं तर बघत बसायचं? या मुलीच्या बहिणीने चार घेतल्या त्यात मला काही नवल वाटत नाही. मला नवल ३१ चं वाटतं. तबकडीच्या एका बाजूला वीस-बावीस मिनिटं मावायची, त्यामुळे चांगली चार गाणीसुद्धा बाहेर ठेवावी लागत. पुढे कॅसेट आली तेव्हा स्टेशनजवळच्या दुकानात गाणी भरून घ्यायचो. रेघी कागदावर यादी, एका बाजूला ३० मिनिटं. आठवडाभर खाडाखोड चालायची. सातवं गाणं हवंच म्हणून हट्ट केला तर ते मध्येच तुटायचं.

मृण्मयी (ए-१०३): काका तुमच्याकडे आहे अजून ती कॅसेट?

दाते काका (सी-२०१): टू-इन-वन (रेडिओ आणि कॅसेट प्लेअर एकत्र) पण आहे. मोठे सेल घालून ठेवलेत.

परब काकू (बी-६०४): लाईट गेली का??

सी-५०३: सी विंग गेली

ए-२०४: ए पण

नाईक (सेक्रेटरी): पूर्ण लाईनची गेलीय. कम्प्लेंट केली आहे, पुन्हा पुन्हा विचारू नये. लिफ्टमध्ये कोणी अडकलं नाही ना?

सावंत (बी-४०२): या उकाड्यात आता गच्ची. मृण्मयी, सतरावं ऐकलं, शब्द उघडून. बारचं नाव येतं तिथे दोनदा मागे नेलं. बाकीच्या तीसबद्दल माझं मत तेच, पण हे नीट ऐकायला हवं होतं. डार्क मॅटर तू ऐक, हेडफोनवर नको, मोठ्याने.

मृण्मयी (ए-१०३): लाईट आली की. हे आत्ता कोण वाजवतंय?

परब काकू (बी-६०४): सी विंगच्या गॅलरीतून येतंय. दाते, आवाज थोडा वाढवा, इकडे पोचत नाही.

सी-५०३: वाढवू नका प्लीज, बाळ आत्ताच झोपलंय

दाते काका (सी-२०१): आहे तेवढाच आहे, सेल उतरलेत.

९:४०

सावंत (बी-४०२): काका, हे काय, मुखड्यावरच बंद पडलं? सेल गेले?

दाते काका (सी-२०१): सेल नाही. सातवं गाणं. ते तिथेच तुटतं.

नाईक (सेक्रेटरी): लाईट आली. पंप चालू केलाय, १० पर्यंत बादल्या भरून घ्या.